गाडीवरचे ओरखडे घरी काढताना कुठे थांबायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. करड्या मेटॅलिक रंगाची पाच वर्षं जुनी हॅचबॅक. दाराच्या हँडलमागच्या खोलगट भागात नखांचे आणि अंगठ्यांचे ओरखडे. बोनेटवर उन्हात दिसणारं बारीक रेषांचं जाळं. मागच्या बंपरच्या कोपऱ्याला सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबाचा पिवळा-काळा रंग लागलेला. आणि डाव्या बाजूच्या दोन्ही दारांवरून कुणीतरी किल्लीने ओढलेली लांब रेघ, काही ठिकाणी पांढरी दिसणारी. गॅरेजवाला दोन्ही दारं आणि बंपर पूर्ण रंगवा म्हणतोय, शेजारी टूथपेस्ट लावा म्हणतोय, आणि तुम्हाला जाणून घ्यायचंय की यातलं घरी किती जमेल.

बरंच जमेल. बंपर, हँडलमागचा भाग आणि बोनेट हे सुट्टीच्या सकाळी उरकण्यासारखं काम आहे. किल्लीच्या रेघेचं मात्र जरा वेगळं आहे. ती एकच रेघ दिसली तरी कुठे उथळ, कुठे खोल असते, आणि खोलीप्रमाणे इलाज बदलतो. माझा धंदा डेंटिंग-पेंटिंगचा. आमच्याकडे येणाऱ्या पॅनेलांपैकी (दार, बोनेट असे बॉडीचे भाग) काहींना रंग लावावा लागतो तो मूळ ओरखड्यामुळे नाही, तो घरी घासता घासता रंगच उडाला म्हणून. त्यामुळे कंपाउंड (घासून चमक आणणारी पेस्ट) आणि पॉलिश पेपरकडे वळण्याआधी तुमच्या हाताखाली नेमकं किती जाडीचं काय आहे ते बघू.

कारखान्यात पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया होते. मग अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या मदतीने गंजरोधक प्रायमर चढवतात, त्याची जाडी साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर पृष्ठभाग सपाट करणारा सरफेसर, तीसेक मायक्रॉन. त्यावर तुम्हाला दिसतो तो रंग, म्हणजे बेस कोट, जेमतेम १२ ते २०. आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ३५ ते ५०. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे घरी जे काही घासायचं ते केसाहून पातळ थरात, आणि त्यातलाही थोडाच भाग खर्च करून. क्लिअरमध्ये ऊन अडवणारी द्रव्यं असतात. तो फार पातळ झाला की पुढच्या काही उन्हाळ्यांत छताचा किंवा बोनेटचा क्लिअर पांढरट होऊन पापुद्र्यासारखा सुटतो. जुन्या गाड्यांवर असे चट्टे तुम्ही पाहिले असतील.

आता मुख्य गोष्ट. घासल्याने ओरखडा भरून येत नाही. आपण त्याच्या दोन्ही बाजूंचा क्लिअर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतो आणि जागा सपाट झाली की डोळ्याला रेघ दिसत नाही. ओरखडा ३-४ मायक्रॉन खोल असेल तर हा सौदा परवडतो. तो २५-३० मायक्रॉन खोल असेल तर त्याला पूर्ण घालवायला क्लिअर जवळजवळ संपवावा लागेल. अशा वेळी त्याच्या कडा थोड्या बोथट करून थांबायचं. रेघ जवळून दिसेल, पण चार पावलांवरून डोळ्यात भरणार नाही. घरच्या कामाचं ध्येय तेवढंच ठेवा. शंभर टक्क्यांच्या हट्टापायी पॅनेल वाया जातं.

एक अपवाद आहे. काही जुन्या किंवा स्वस्त गाड्यांवर, विशेषतः साध्या पांढऱ्या रंगात, क्लिअर नसतोच. रंगाचा एकच चकाकणारा थर असतो. तपासायचं असेल तर कुठेतरी आडबाजूला, दाराच्या खालच्या कडेला, चिमूटभर कंपाउंड फडक्यावर घेऊन घासा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर वर क्लिअर नाही. पांढऱ्या गाडीसाठी फडकं काळं घ्या, नाहीतर काहीच कळणार नाही. तुमची मेटॅलिक आहे, म्हणजे क्लिअर असणारच, आणि म्हणून तुमच्यासाठी हीच खूण धोक्याची घंटा आहे: घासताना फडक्यावर करडा रंग आला तर क्लिअर संपला, हात तिथेच थांबवा.

गाडी आधी नीट धुवा. कार शॅम्पू आणि भरपूर पाणी. धूळ राहिली आणि त्यावर कंपाउंड फिरवलंत तर जुन्या रेघा जाऊन नव्या येतील. धुतल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली तर धुण्याने न निघणारे कण चिकटलेले आहेत. इमारतीच्या रंगकामाचा उडालेला तुषार, ब्रेकची लोखंडी धूळ, झाडाचा चीक. ते क्ले बारने (गाडीसाठी मिळणारी मऊ मातीसारखी वडी), भरपूर साबणपाणी वापरून काढायचे.

मग सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना, ओरखडे वाचायचे. मोबाईलचा टॉर्च तिरका धरा, समोरून धरलात तर उजेडात सगळं लपतं. ओरखड्यावर पाण्याचा हात फिरवा. ओलं असेपर्यंत रेघ दिसेनाशी झाली तर ती क्लिअरमध्येच आहे. पाणी त्या खाचेत भरलं आणि उजेड सरळ गेला, एवढंच. ओल्यातही रेघ तशीच दिसली तर ती रंगात किंवा त्याखाली गेली आहे. ही परीक्षा तुमच्यासाठी विशेष महत्त्वाची, कारण तुम्ही ‘पांढरी दिसते’ म्हणालात. पांढरी म्हणजे प्रायमर उघडा पडला असं बहुतेक जण धरून चालतात. पण क्लिअर फाटला की त्याच्या खडबडीत कडाही पांढऱ्याच दिसतात, शिवाय प्रायमर बऱ्याचदा करडा असतो. तेव्हा डोळ्यावर जाऊ नका, पाण्यावर जा.

दुसरी परीक्षा नखाची. रेघेवरून आडवं नख हलकेच फिरवा. नख अडलं नाही तर हाताने पॉलिश करून ती जाईल किंवा खूप फिकी होईल. नख जरासं अडलं तर ती पूर्ण जाणार नाही, कडा बोथट होतील. नख खाचेत बसलं तर घासून उपयोग नाही, भरावं लागेल. किल्लीची रेघ सुरुवातीला आणि जिथे हात वळला तिथे खोल असते, मधे उथळ. पेपर टेपचे छोटे तुकडे रेघेशेजारी लावून कुठे काय ते खुणा करून ठेवा. नाहीतर कामाच्या ओघात उथळ भाग विनाकारण घासला जातो.

सामान फार लागत नाही. एक मध्यम किंवा बारीक कटिंगचं रबिंग कंपाउंड, एक फिनिशिंग पॉलिश, फोमचे दोन-तीन अॅप्लिकेटर, चांगले मायक्रोफायबर फडके, पेपर टेप, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि शेवटी लावायला वॅक्स किंवा सीलंट. हार्डवेअरच्या दुकानातलं फर्निचरचं किंवा धातूचं पॉलिश नको. गाडीच्या रंगाच्या दुकानात जा आणि ‘क्लिअर कोटवर चालणारं’ असं सांगून मागा. जुन्या पद्धतीचं जाडं रबिंग वेगळं असतं. ते क्लिअरवर खोल धुरकट रेषा उमटवतं, आणि मग त्या काढायला आणखी घासावं लागतं.

बंपरपासून सुरुवात करा, कारण तिथे बहुधा तुम्हाला आनंदाचा धक्का बसेल. खांबाचा पिवळा-काळा रंग तुमच्या रंगावर चढलेला आहे. त्याने तुमचा रंग खाल्लाय असं वाटतं, पण बऱ्याचदा खाली क्लिअर शाबूत असतो. फडक्यावर थोडं टर्पेंटाईन घेऊन हलक्या हाताने पुसा, मिनिटभर काम करू द्या, पुन्हा पुसा. उरलेलं कंपाउंडने जाईल. एनसी थिनर (रंग पातळ करायचं तीव्र द्रावण) वापरू नका. कारखान्याचा भट्टीत पक्का झालेला रंग थिनरचा एखादा हात सोसतो, पण बंपर आधी कुणी बाहेर रंगवलेला असेल तर थिनरने तो मऊ होऊन सुरकुततो, आणि तो रंगवलेला आहे की नाही हे जुन्या मालकाशिवाय कुणाला माहीत नसतं. खांबाचा रंग निघाल्यावर खाली जे खरे ओरखडे उरतील ते बघा. काळं प्लास्टिक उघडं पडलं असेल तरी घाई नाही, प्लास्टिक गंजत नाही. टचअपच्या रंगाने भरा, किंवा बंपर पुढच्या घासण्याची वाट बघू द्या. मुंबई-पुण्याच्या पार्किंगमध्ये बंपरचा कोपरा दरवर्षी रंगवणारा माणूस मला तरी उधळा वाटतो.

एक लक्षात ठेवा, प्लास्टिक उष्णता पसरू देत नाही. एकाच जागी जोरात घासत राहिलात तर पत्र्यापेक्षा तिथला रंग लवकर तापतो आणि भाजतो. हाताने काम करताना सहसा तितकं होत नाही, मशीनने होतं.

हँडलमागचा भाग हाताशिवाय होतच नाही, तिथे मशीन शिरत नाही. फडक्याचा कोपरा बोटाभोवती गुंडाळा, त्यावर हरभऱ्याएवढं कंपाउंड घ्या, आणि मधून बाहेर अशा छोट्या सरळ घासांनी फिरवा. दोन-तीनदा करा, पुसा, बघा. नखांचे ओरखडे बहुतेक उथळच असतात. झाल्यावर त्या खोलगट भागात बसणारी पारदर्शक फिल्म मिळते ती लावून टाका, नाहीतर सहा महिन्यांत पुन्हा तेच.

बोनेटचं जाळं हाताने पूर्ण जाणार नाही, हे आधीच सांगतो. निम्म्याहून अधिक फिकं मात्र होईल. एका वेळी फूटभर लांबी-रुंदीचा चौकोन घ्या, पूर्ण बोनेटवर कंपाउंड पसरू नका. रबर, काळं प्लास्टिक आणि बोनेटच्या सगळ्या कडा पेपर टेपने झाका. कडांवर आणि बॉडीच्या उभार रेषांवर रंग सगळ्यात पातळ बसलेला असतो, आणि तुमच्या बोटांचा दाब नेमका तिथेच सगळ्यात जास्त पडतो. घरी उडालेला रंग पाहायचा तर आधी कडा बघाव्या लागतात, इतकं हे नेहमीचं आहे. अॅप्लिकेटरवर थोडं कंपाउंड घेऊन मध्यम दाबाने आधी आडवे, मग उभे घास घ्या. गोल गोल फिरवू नका, कारण काही बारीक रेषा मागे राहिल्याच तर गोल रेषा उन्हात कुठूनही दिसतात, सरळ रेषा एकाच कोनातून. कंपाउंडचा पांढरा थर पातळ, जवळजवळ पारदर्शक झाला की पुसा. कोरडं पडेपर्यंत घासू नका.

पुसल्यावर लगेच खूश होऊ नका. कंपाउंडमधलं तेल उरलेल्या रेषांत बसतं आणि सगळं गुळगुळीत भासतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी अर्धं-अर्धं करून त्या चौकोनावर फवारा, पुसा, आणि मग टॉर्च तिरका धरून बघा. जे दिसेल ते खरं. रस्त्याकडेच्या ‘रबिंग-पॉलिश’नंतर गाडी पंधरा दिवस आरशासारखी चमकते आणि चार धुण्यांनंतर पूर्ववत होते, त्याचं कारणही हेच: तेल आणि मेण भरलेलं होतं, ते धुऊन गेलं. हे काम एका जागी दोन, फार तर तीन वेळा करा. त्यानंतरही उरलेली रेघ खोल आहे, तिच्यासाठी भोवतालचं बोनेट खर्ची घालू नका. सगळं झाल्यावर बारीक पॉलिशचा एक हात आणि मग वॅक्स.

उन्हात हे काम करूच नका. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात उघड्यावर उभ्या गाडीच्या बोनेटला हात लावता येत नाही, कंपाउंड लावता लावता सुकतं आणि त्याच्या सुकलेल्या गोळ्या वाळूसारखं काम करतात. सकाळी लवकर किंवा पार्किंगच्या सावलीत करा.

आता किल्लीची रेघ. ज्या भागात नख अडत नाही तिथे वरचंच कंपाउंडचं काम, फक्त रेघेच्या दोन्ही बाजूंना चार बोटं रुंद पट्टा धरून. रेघेवरच बोट दाबून घासलंत तर तिथे खळगा होतो आणि उजेडात तो रेघेपेक्षा वाईट दिसतो.

जिथे नख जरासं अडतं, पण ओलं केल्यावर रेघ लपते, तिथे आम्ही वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) वापरतो. तुम्ही वापरावा का? पहिल्यांदाच करत असाल तर माझा सल्ला आहे, नको. तरीही करणारच असाल तर आधी भंगारातून एखादं जुनं फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) किंवा दार आणा आणि त्यावर हात बसवा. पेपर २००० नंबरचा किंवा त्याहून बारीक, १००० किंवा १२०० चा तर घरातच आणू नका. पेपर आधी पाण्यात भिजत ठेवा, रबरी ठोकळ्यावर गुंडाळा, साबणाच्या पाण्याने पृष्ठभाग सतत ओला ठेवा, आणि अगदी हलक्या हाताने आठ-दहा घास मारून थांबा. पुसून कोरडं करा. घासलेली जागा धुरकट झालेली दिसेल आणि रेघेचा तळ त्यात चमकत राहील, कारण पेपर तिथपर्यंत पोचलेला नाही. ही चमकती रेघ जसजशी बारीक होत जाते तसतसं भोवतालचं त्याच्या पातळीला येतंय असं समजायचं. ती पूर्ण नाहीशी होण्याआधीच थांबा. मग ३००० नंबरने २००० च्या रेषा मोडा आणि कंपाउंडने चमक परत आणा.

पेपर मारताना पाणी दुधाळ होत असेल तर तो क्लिअर आहे. पाण्यात करडी झाक आली की तुम्ही बेस कोटवर पोचलात. त्यानंतर कुठल्याही पॉलिशने ती जागा सुधारत नाही, मेटॅलिक रंगात तिथे कडेने गडद झाक असलेला डाग राहतो आणि पूर्ण दार रंगवणं एवढाच मार्ग उरतो. शिवाय २००० पेपरच्या रेषा निव्वळ हाताने काढायला खांदे भरून येतात. म्हणजे मशीन आलं.

मशीनबद्दल एवढंच: पॉलिशसाठी ड्युअल अॅक्शन मशीन घ्या किंवा भाड्याने आणा. त्याचं पॅड फिरतं आणि हलतंही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही आणि नवख्या हातालाही माफ करतं. घरातल्या लोखंड कापायच्या ग्राइंडरला फोमचं पॅड लावून पॉलिश करणारे लोक आहेत. तो ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेतो, पॉलिशिंगला हजार-दोन हजार पुरतात. कडेवर त्याचा एक स्पर्श म्हणजे थेट प्रायमर.

जिथे नख खाचेत बसतं, ओलं केलं तरी रेघ दिसते, तिथे भरायचं. आणि पत्रा चमकत असेल तर हे काम आधी करा, बाकीचं मागाहून. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या लोखंडावर एका रात्रीत तांबूस झाक येऊ शकते. बऱ्याच गाड्यांच्या पत्र्याला आता जस्ताचं आवरण असतं, तिथे वेळ मिळतो, पण तुमच्या दाराला ते आहे की नाही यावर पैज लावण्यात अर्थ नाही.

रंग घेताना नावावर जाऊ नका, कोडवर जा. ‘करडा’ नावाचे डझनभर रंग असतात. कोड बोनेटखालच्या पट्टीवर किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो; सापडला नाही तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर दिल्यावर सांगतात. टचअपची छोटी बाटली त्याच कोडची घ्या, प्रायमर आणि क्लिअर वेगळे.

खाच अल्कोहोलने पुसून तेल-वॅक्स काढा. गंजाची झाक असेल तर पेपरची बारीक घडी करून किंवा टोकदार काडीने फक्त खाचेतलीच खरवडा, आणि उघड्या पत्र्यावर गंजरोधक प्रायमरचा अगदी पातळ थेंब ओढा. तो सुकू द्या. बाटली दोन मिनिटं चांगली हलवा, नाहीतर मेटॅलिकचे कण तळाशीच राहतील. बाटलीच्या झाकणाला येतो तो ब्रश बाजूला ठेवा, तो भिंत रंगवायच्या लायकीचा असतो. टूथपिक किंवा चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश घ्या आणि रंग खाचेतच सोडा, आजूबाजूला पसरू देऊ नका. एक जाड थर कधीच नाही. पातळ थर, अर्धा-पाऊण तास थांबायचं, पुन्हा पातळ थर. सुकताना रंग आकसतो, त्यामुळे भरलेली खाच दुसऱ्या दिवशी पुन्हा खोल दिसेल. पुन्हा भरा. रंग पृष्ठभागाच्या किंचित खाली असताना थांबून त्यावर क्लिअर भरा, तो किंचित वर आला तर चालेल. मग आठवडाभर तरी हात लावू नका. त्यानंतर उंचवटा खुपत असेल तर २००० पेपरचा नखाएवढा तुकडा खोडरबरावर लावून फक्त उंचवट्यावर चार घास, आणि मग कंपाउंड. खुपत नसेल तर आहे तसं सोडा. मी तर सोडाच म्हणेन.

मेटॅलिक रंगात हा टचअप एका कोनातून जुळेल आणि दुसऱ्या कोनातून गडद दिसेल. बंदुकीने फवारताना अॅल्युमिनियमचे कण आडवे बसतात, टूथपिकने भरताना वेडेवाकडे. बाटली बदलून, ब्रश बदलून हे सुटत नाही. पण पत्रा बंद झाला, गंज थांबला आणि रेघ पांढरीऐवजी करडी झाली, हे थोडक्या सामानात होतं.

पावसाळ्यात टचअप करताना हवा दमट असेल तर क्लिअर सुकताना दुधी पडतो. उघडीप बघून करा. तोवर पत्रा उघडा ठेवण्यापेक्षा कोरड्या जागेवर पारदर्शक टेपची पट्टी चिकटवून ठेवली तरी चालते, दिसायला बरं नसलं तरी.

स्प्रे कॅनबद्दल कुणी सुचवेल. साधा स्प्रे क्लिअर पेट्रोल सांडलं तरी मऊ पडू शकतो. हार्डनरवाला टू-के स्प्रे टिकाऊ असतो, पण त्यात आयसोसायनेट असतात आणि ते फुप्फुसांना घातक आहेत. योग्य गाळणीचा मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा नसेल तर तो वापरू नये, कापडी मास्क त्याला पुरत नाही. बंद पार्किंगमध्ये, मुलं खेळतायत अशा ठिकाणी तर अजिबात नाही. आणि दाराच्या मध्यावर फवारलेल्या चट्ट्याची कड लपवणं हे तयार हातालाही सोपं नसतं.

टूथपेस्टचं उत्तर राहिलं. तिच्यात दात घासायला बारीक अपघर्षक असतं, त्यामुळे अगदी उथळ रेषा किंचित फिक्या होतात, हे खरं. पण तो दाणा गाडीच्या क्लिअरसाठी निवडलेला नाही, आणि कंपाउंडची छोटी बाटली काही शंभर रुपयांत मिळत असताना टूथपेस्ट कशासाठी? खोबरेल तेल किंवा डब्ल्यूडी-४० लावल्यावर रेघ गायब होते ती पाण्याने होते तशीच, पहिल्या धुण्यापर्यंत. नेलपॉलिश उघड्या पत्र्यावर आणीबाणीत चालेल, पण ती पिवळी पडते, तडकते, आणि मग खरा टचअप करण्याआधी खरवडून काढावी लागते. ‘जादूचं फडकं’ म्हणून विकतात ते बहुतेक तेल आणि सौम्य पॉलिश भिजवलेलं कापड असतं. मॅट रंगाच्या गाडीवर यातलं काहीच नको, कंपाउंडसुद्धा नको. घासलेली जागा चमकायला लागते आणि ती पुन्हा मॅट होत नाही.

बोनेटवरचं जाळं कुठून आलं हे न बघता ते काढलंत तर वर्षभरात परत येईल. सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला येणारा माणूस एका बादलीत आणि एका फडक्यात वीस-पंचवीस गाड्या उरकतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला मिळणाऱ्या पैशांत आणि पाण्यात तेवढंच बसतं. त्याला तुमचे स्वतःचे तीन-चार मायक्रोफायबर द्या, आणि कोरड्या धुळीवर फडकं मारू नको, पाणी नसेल त्या दिवशी फक्त काचा पूस, असं सांगा. गाडी रोज पुसलीच पाहिजे ही आपली हौस आहे, रंगाची गरज नाही. दसऱ्याला बोनेटवर बांधलेला झेंडूचा हार तारेत ओवलेला असेल तर वाऱ्याने ती तार दिवसभर क्लिअरवर घासत राहते. दोऱ्यातला हार घ्या आणि गाडी चालवण्याआधी सोडा. ओलं कुंकू उन्हात वाळू देऊ नका, डाग खोल जातो. सिरॅमिक कोटिंगने धुणं सोपं होतं, पण किल्लीपुढे त्याचं काही चालत नाही. तिथे थोडाफार टिकाव धरते ती जाड पारदर्शक पीपीएफ फिल्म, तिची किंमत तुम्हाला पाच वर्षांच्या हॅचबॅकवर पटणार नाही.

राहिला गॅरेजचा विषय. बंपरचं रंगकाम आत्ता रद्द करा. दारांचं घरी करून बघितल्यावर ठरवा. कंपाउंड आणि टचअपने पुढच्या रंगकामाला काही अडचण होत नाही. विम्याचा दावा करायचा विचार असेल तर हिशेब आधी मांडा. सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात तुमच्या खिशातून जाणारी रक्कम, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनला २,०००. झीरो डेप (घसारा न कापणारं जादा विमा कवच) नसेल तर रंगाच्या सामानाच्या खर्चातले ५० टक्के घसाऱ्यात जातात. आणि दावा केला की नो क्लेम बोनस जातो. तो पहिल्या दावारहित वर्षाला २० टक्क्यांपासून चढत ५० टक्क्यांपर्यंत पोचतो आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो. पाच वर्षं दावा केला नसेल तर दोन दारांसाठी तो मोडणं बहुधा अंगावर येईल. पुढच्या हप्त्याचा आकडा एजंटकडून बोनससह आणि बोनसविना असा दोन्ही मागून घ्या.

आणि रंगवायचंच ठरलं तर गॅरेजवाल्याला तीन गोष्टी विचारा. हँडल, काचेची पट्टी आणि आरसा काढून रंगवणार की टेप लावून? टेप लावून रंगवलं तर त्या कडेने क्लिअर आधी सुटतो. क्लिअर टू-के आहे का, आणि बूथमध्ये भट्टी देणार का? आणि शेजारच्या फेंडरवर रंग ब्लेंड करणार का? करड्या आणि चंदेरी मेटॅलिकमध्ये नुसतं दार रंगवलं तर कोड बरोबर असूनही ते फेंडरशेजारी वेगळं उठून दिसतं. म्हणून चांगला पेंटर बेस कोट फेंडरवर विरत नेतो आणि क्लिअर मात्र पूर्ण फेंडरवर मारतो. त्यासाठी तो जास्त पैसे मागेल, आणि ते रास्त आहेत. ‘कोड टाकला की जुळतोच’ म्हणणाऱ्याकडे गाडी सोडू नका.